पोलर्ड, फ्रिट्झ

(२७ जानेवारी १८९४–११ मे १९८६). अमेरिकन फुटबॉल या खेळातील आद्य व्यावसायिक खेळाडूंपैकी एक श्रेष्ठ खेळाडू व प्रशिक्षक. पूर्ण नाव फ्रेडरिक डग्लस पोलर्ड. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील ‘नॅशनल फुटबॉल लीग’ या व्यावसायिक संघटनेच्या पहिल्याच म्हणजे १९२० च्या हंगामात विजेता ठरलेल्या अ‍ॅक्रन संघाचा तो प्रमुख आक्रमक खेळाडू होता. पुढील वर्षी तो त्याच संघाचा सहप्रशिक्षक झाला. या संघटनेतील संघाचे प्रशिक्षकपद भूषविणारा तो पहिला कृष्णवर्णीय होय. अमेरिकन क्रीडाक्षेत्रात वर्णभेदाची बंधने आरंभी कडक होती व कालांतराने ती क्रमाक्रमाने शिथिल होत गेली, असा एक सर्वसाधारण समज आढळतो. व्यावसायिक फुटबॉलपुरता तरी तो बरोबर नाही. या खेळात प्रथम दार काहीसे उघडे होते, पुढे ते बंद करण्यात आले आणि बारा वर्षांनंतर ते पुन्हा उघडावे लागले. पोलर्डच्या चरित्राचे महत्त्व या घडामोडीच्या संदर्भात विशेष जाणवते.

ज्याला आपल्याकडे फुटबॉल म्हणतात, त्या खेळाशी अमेरिकन फुटबॉलचे साम्य अल्प आहे. रग्बीपासून विकसित झालेल्या या खेळात प्रत्येक बाजूस अकरा खेळाडू असतात व चेंडू लंबगोल असतो. दोन गोलरेषांमधील अंतर १०० यार्ड (९१·४४ मी.) असते. चेंडू ताब्यात असलेल्या संघास चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे सरकावे लागते. ते न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चेंडू प्रतिपक्षाच्या गोलरेषेपलीकडे नेल्यास त्यास ‘टचडाउन’ म्हणतात व त्याबद्दल सहा गुण मिळतात. चेंडू पुढच्या दिशेने फेकण्यास १९०६ पासून परवानगी मिळाली असली, तरी पोलर्डच्या काळी खेळाचा मुख्य भर चेंडू कवेत घेऊन धावण्यावर होता. हे काम ‘हाफबॅक’ या स्थानावरील खेळाडूकडे असे व पोलर्ड तेथेच खेळे. आक्रमण आणि बचाव या दोहोंसाठी तेच अकरा खेळाडू मैदानात राहत. डोक्यास चामड्याचे शिरस्त्राण असले तर असे, नसले तर नसे. व्यावसायिक संघटनेने ते सक्तीचे केले ते १९४३ मध्ये. एकंदरीत खेळ अत्यंत दांडगाईचा होता आणि खाली पडलेल्या खेळाडूच्या अंगावर इतरांनी उड्या घेणे ही नित्याची गोष्ट होती.

पोलर्डचा जन्म शिकागो येथे झाला. त्याचे वडील न्हाव्याचा व्यवसाय करीत, तर आई शिवणकाम करी. गुलामगिरीविरोधी चळवळीचा थोर पुढारी फ्रेडरिक डग्लस (१८१८–९५) याच्या नावावरून मुलाचे नाव ठेवण्यात आले. यावरून घरातील विचारसरणीची कल्पना येते. आठ भावंडांत त्याचा क्रम सातवा होता. कुटुंब शिकागोच्या उत्तर भागातील रॉजर्स पार्क या बहुतांशी श्वेतवर्णीय वस्तीत राही. तेथील जर्मन वंशाच्या शेजाऱ्यांनी त्याला ‘फ्रिट्झ’ हे टोपणनाव दिले व तेच पुढे रूढ झाले. सर्व भावंडांना शिक्षण मिळावे, असा आईवडिलांचा कटाक्ष होता. त्याची बहीण नेओमी ही १९०५ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाची पदवी मिळविणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली, तर वडीलबंधू लेस्ली हा डार्टमथ महाविद्यालयाकडून फुटबॉल खेळला. श्वेतवर्णीय मुलांबरोबर खेळताना आपल्यावर मुद्दाम आघात होणार हे गृहीत धरून ते कसे चुकवावेत, याचे पहिले धडे फ्रिट्झला थोरल्या भावांकडून मिळाले. लेन टेक्निकल हायस्कूलमधून तो १९१२ मध्ये उत्तीर्ण झाला. शाळेत असताना फुटबॉलबरोबरच बेसबॉल व मैदानी शर्यतींतही त्याने नाव मिळविले होते.

काही काळ इतरत्र प्रयत्न करून १९१५ मध्ये तो ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स येथील ब्राऊन विद्यापीठात दाखल झाला. वसतिगृहातील विद्यार्थ्यांच्या कपड्यांना इस्त्री करून देण्याचा लहानसा धंदा चालवून तो आपल्या खर्चाची तोंडमिळवणी करी. फुटबॉलच्या संघात त्याचे प्रथम स्वागत झाले नाही. तथापि मैदानावर त्याला पकडणे सहकाऱ्यांना जमेना, तेव्हा विरोध मावळत गेला. त्या हंगामातील कामगिरीमुळे ब्राऊन संघास कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे १ जानेवारी १९१६ रोजी होणाऱ्या सामन्याचे निमंत्रण आले. हा वार्षिक सामना पुढे ‘रोझ बोल’ या नावाने प्रसिद्धीस आला. त्यात खेळणारा पोलर्ड हा पहिला कृष्णवर्णीय होय. पावसाने चिखल झालेल्या मैदानावर त्याच्या चपळाईचा काहीच उपयोग झाला नाही व वॉशिंग्टन स्टेट संघाने ब्राऊनचा १४–० असा पराभव केला.

याचे उट्टे त्याने पुढच्या हंगामात काढले. १९१६ मध्ये ब्राऊन संघाने ओळीने आठ सामने जिंकले. त्यांत येलवर २१–६ व हार्व्हर्डवर २१–० असे दोन विजय होते. हे दोन्ही बलाढ्य संघ एकाच हंगामात हरविणे ब्राऊनला त्यापूर्वी कधीही जमले नव्हते आणि दोन्ही सामन्यांत पोलर्डच्या धावा निर्णायक ठरल्या. अखेरच्या सामन्यात मात्र कोलगेटने ब्राऊनला हरविले. अमेरिकन फुटबॉलचा जनक मानला जाणारा वॉल्टर कँप हा दरवर्षी देशातील सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन खेळाडूंचा काल्पनिक संघ जाहीर करीत असे. १९१६ च्या त्याच्या संघात पोलर्डची निवड झाली. हार्व्हर्डचा विल्यम हेन्री ल्यूइस याला १८९० नंतरच्या दशकात हा मान मिळाला होता, पण तो पुढच्या फळीतील खेळाडू होता. मागच्या फळीत निवडला गेलेला पोलर्ड हा पहिला कृष्णवर्णीय.

सु. १७५ सेंमी. उंची व सु. ७५ किग्रॅ. वजन ही या खेळास पोषक अंगयष्टी नव्हे. पोलर्डचे सामर्थ्य वेगात आणि त्याहीपेक्षा वेग बदलण्यात होते. भरधाव जाताना एकदम थबकणे, अंगाला हेलकावा देऊन दिशा बदलणे व पुन्हा पूर्ण वेग घेणे, या क्रिया तो इतक्या सहजतेने करी, की त्याला धरू पाहणारे एकमेकांवर आदळत. खाली पडल्यावर तो पाठीवर उताणा होऊन पाय वर करी आणि खिळ्यांचे जोडे प्रतिपक्षाच्या दिशेने रोखून धरी. प्रेक्षकांना ही एक गमतीदार लकब वाटत असली, तरी त्याच्या दृष्टीने तो निव्वळ स्वसंरक्षणाचा उपाय होता. चेंडू मृत झाल्यानंतरही त्याला तुडविण्याचे प्रयत्न होत आणि त्याविरुद्ध पंचांकडे दाद मागून फारसे काही निष्पन्न होत नसे.

अभ्यासाकडे झालेल्या दुर्लक्षामुळे त्याला ब्राऊन विद्यापीठ सोडावे लागले. पहिल्या महायुद्धाच्या काळात मेरिलंडमधील कँप मीड या लष्करी तळावर त्याने शारीरिक शिक्षणाचे काम केले व १९१८ पासून पेनसिल्व्हेनियातील लिंकन विद्यापीठ या कृष्णवर्णीयांच्या संस्थेत फुटबॉलचा प्रशिक्षक म्हणून जबाबदारी घेतली. याच सुमारास व्यावसायिक फुटबॉलचे क्षेत्र त्याला खुले झाले.

त्या काळी हा खेळ म्हणजे विद्यापीठांचा खेळ, असेच समीकरण होते. पैसे घेऊन खेळणे कमीपणाचे मानले जाई. १८९२ मध्ये विल्यम हेफेलफिंगर याला एका सामन्याबद्दल ५०० डॉलर देण्यात आले, हे व्यावसायिक फुटबॉलचे पहिले ज्ञात उदाहरण. नंतरच्या काळात ओहायओ राज्यातील औद्योगिक शहरांत हा खेळ मूळ धरू लागला. तेथील संघांचे चालक गावचे दुकानदार, कारखानदार किंवा खेळवेडे व्यापारी असत आणि प्रेक्षक मुख्यत्वे कामगार. विजयासाठी चांगला खेळाडू हवा, तो कोणत्या वर्णाचा आहे हे पाहण्याची चैन लहान गावातील संघास परवडत नसे. याच राज्यातील शेल्बी गावच्या संघाने चार्ल्स फॉलिस या कृष्णवर्णीय खेळाडूशी १९०४ मध्ये रीतसर करार केलेला होता.

पोलर्ड १९१९ मध्ये अ‍ॅक्रनच्या संघात आला. अ‍ॅक्रन हे रबरी टायरच्या कारखान्यांचे शहर. तेथे दक्षिणेकडील राज्यांतून आलेल्या श्वेतवर्णीय कामगारांची मोठी वस्ती होती. आपल्याच शहराच्या या खेळाडूस प्रेक्षक शिवीगाळ करीत. इतर खेळाडूंबरोबर कपडे बदलण्याची सोय त्याला नव्हती. संघाचा एक मालक फ्रँक नीड याच्या सिगारच्या कारखान्यात तो पोशाख चढवी व सामना सुरू होण्याच्या बेतास त्याला मोटारीने मैदानावर आणण्यात येई, असे त्याने उतारवयात सांगितले आहे. हंगाम पुढे सरकला व विजय मिळू लागले, तसा प्रेक्षकांचा सूर बदलला. यास मनःपरिवर्तन म्हणावे की केवळ जिंकणाऱ्याची चाहत म्हणावे, हा प्रश्न वेगळा.

ओहायओतील कँटन येथे राल्फ हे याच्या मोटारविक्रीच्या दुकानात १७ सप्टेंबर १९२० रोजी निरनिराळ्या संघांच्या प्रतिनिधींची बैठक झाली व तीत ‘अमेरिकन प्रोफेशनल फुटबॉल असोसिएशन’ ही संघटना आकारास आली. ऑलिंपिक विजेता जिम थॉर्प तिचा पहिला अध्यक्ष झाला. संघटनेचे नाव १९२२ मध्ये ‘नॅशनल फुटबॉल लीग’ असे बदलले. पहिल्या हंगामात पोलर्डखेरीज रॉक आयलंड संघाचा बॉबी मार्शल हाही कृष्णवर्णीय खेळाडू होता. अ‍ॅक्रनने त्या वर्षी आठ सामने जिंकले, तीन अनिर्णित राखले आणि एकही गमावला नाही. सबंध हंगामात प्रतिपक्षांना त्यांच्याविरुद्ध अवघे सात गुण मिळविता आले. थॉर्पच्या कँटन संघाला अ‍ॅक्रनने दोनदा हरविले. शेवटचा सामना १२ डिसेंबर रोजी शिकागो येथे जॉर्ज हॅलस याच्या डिकेटर स्टेलीज या संघाशी झाला व तो ०–० असा सुटला. एप्रिल १९२१ मध्ये संघटनेच्या सभेत विजेतेपद अ‍ॅक्रनला बहाल करण्यात आले. एकंदर कारभार किती तात्पुरत्या स्वरूपाचा होता, हे एका व्यवहारावरून दिसते : हंगाम चालू असतानाच अ‍ॅक्रनने आपला बॉब नॅश हा खेळाडू बफालो संघाला ३०० डॉलर आणि प्रवेश-उत्पन्नाचा पाच टक्के वाटा एवढ्या मोबदल्यात देऊन टाकला.

सन १९२१ मध्ये पोलर्ड व एल्गी टोबिन हे अ‍ॅक्रनचे संयुक्त प्रशिक्षक झाले. संघाने आठ सामने जिंकले, तीन गमावले व एक अनिर्णित राखला. पोलर्डच्या या पदाविषयी नंतर पुष्कळ वाद झाला. त्याचे मूळ त्या काळच्या नियमांत आहे. मैदानाबाहेरून खेळाडूंना सूचना देण्यास तेव्हा मनाई होती. त्यामुळे डावपेचांचे प्रत्यक्ष संचालन मैदानात उतरलेल्या जाणत्या खेळाडूलाच करावे लागे. आजच्यासारखा कडेला उभा राहून संघ हाकणारा प्रशिक्षक तेव्हा नव्हताच. ‘पोलर्ड हा खरा प्रशिक्षक नव्हे, तो खेळाडूच’ हा आक्षेप या दृष्टीने टिकण्यासारखा नाही; कारण तो मान्य केल्यास त्या पिढीतील कित्येक श्वेतवर्णीय प्रशिक्षकांची नावेही यादीतून वगळावी लागतील.

पुढील पाच वर्षांत तो अनेक संघांकडून खेळला : मिलवॉकी बॅजर्स (१९२२), इंडियाना राज्यातील हॅमंड प्रोज (१९२३–२५), प्रॉव्हिडन्स स्टीम रोलर (१९२५) व पुन्हा अ‍ॅक्रन (१९२५–२६). मिलवॉकी व हॅमंड येथे त्याने खेळाबरोबर प्रशिक्षणाचेही काम केले. यांखेरीज पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा खाणींच्या प्रदेशातील गिल्बर्टन या संघटनेबाहेरील संघाकडूनही तो १९२३ व १९२४ मध्ये खेळला. संघटना बाल्यावस्थेत होती, करार सामन्यापुरते असत आणि आज एका गावात तर उद्या दुसऱ्या गावात खेळणे यात कोणालाही वावगे वाटत नसे. या भटकंतीत त्याने आणखी एक कार्य साधले. पुढे गायक, नट व मानवी हक्कांचा पुरस्कर्ता म्हणून जगद्विख्यात झालेला पॉल रोबसन त्या वेळी कोलंबिया विद्यापीठात कायद्याचा अभ्यास करीत होता. पोलर्डने त्याला १९२१ मध्ये अ‍ॅक्रनकडे व १९२२ मध्ये मिलवॉकीकडे आणले. शुल्काची रक्कम जमविण्यासाठी रोबसन सुटीच्या दिवशी सामने खेळे. थॉर्पच्या ऊरांग इंडियन्स संघाविरुद्ध १९२२ मध्ये मिलवॉकीने मिळविलेल्या विजयात दोन्ही टचडाउन रोबसनचे होते. ब्राऊन विद्यापीठातील पोलर्डचा सहकारी जे मेयो विल्यम्स हाही याच काळात हॅमंडकडून खेळत होता. त्याने पुढे ध्वनिमुद्रिकांच्या व्यवसायात नाव कमाविले.

अ‍ॅक्रनने १९२६ च्या हंगामात पोलर्डला मुक्त केले व त्याची या संघटनेतील कारकीर्द संपली. त्याच सुमारास संघटनेचे स्वरूपही पालटू लागले होते. १९२६ मध्ये तीत २२ संघ होते, १९२७ मध्ये १२ च उरले. लहान गावांचे दुबळे संघ बंद पडले आणि कृष्णवर्णीयांना ज्यांनी संधी दिली होती ते बहुतेक याच वर्गातील होते. १९२७ मध्ये शिकागो कार्डिनल्सचा ड्यूक स्लेटर हा एकटाच कृष्णवर्णीय खेळाडू शिल्लक राहिला. १९२० ते १९३३ या अवधीत एकूण तेरा कृष्णवर्णीय खेळाडू संघटनेत खेळले. १९३३ च्या हंगामानंतर जो लिलर्ड व रे केंप या शेवटच्या दोघांना काढून टाकण्यात आले आणि १९३४ ते १९४५ या बारा वर्षांत एकाही कृष्णवर्णीयास प्रवेश मिळाला नाही. यासंबंधी लेखी ठराव कोठेही नाही. महामंदीत बेकार झालेल्या श्वेतवर्णीयांच्या नोकऱ्यांचे कारण पुढे करण्यात आले. योग्यतेचे कृष्णवर्णीय खेळाडूच मिळत नाहीत, असेही सांगण्यात आले. बॉस्टन (पुढे वॉशिंग्टन) संघाचा मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल याच्याकडे या अलिखित समजुतीचा प्रेरक म्हणून अनेक अभ्यासक बोट दाखवितात. त्याच्या संघात पहिले कृष्णवर्णीय खेळाडू आले ते १९६२ मध्ये, इतर सर्व संघांनंतर. पोलर्ड स्वतः मात्र शिकागो बेअर्सचा मालक हॅलस याला दोष देत असे. हॅलसने हा आरोप नाकारला होता. कोणी किती वाटा उचलला हे ठरविणे कठीण असले, तरी सर्व मालकांच्या संमतीवाचून असे बारा वर्षे चालणे शक्य नव्हते, एवढे निश्चित.

‘योग्यतेचे खेळाडू नाहीत’ या सबबीला पोलर्डने मैदानावर उत्तर देण्याचा प्रयत्न केला. १९२८ मध्ये त्याने ‘शिकागो ब्लॅक हॉक्स’ हा कृष्णवर्णीयांचा संघ उभारला व श्वेतवर्णीय संघांशी, प्रामुख्याने पश्चिम किनाऱ्यावर, प्रदर्शनीय सामने खेळविले. मंदीच्या काळात तो संघ बंद पडला. १९३५ ते १९३७ या काळात न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील ‘ब्राऊन बॉम्बर्स’ या संघाचा तो प्रशिक्षक होता. मुष्टियोद्धा जो लुइस याच्या टोपणनावावरून संघास हे नाव देण्यात आले होते. न्यूयॉर्कच्या व्यावसायिक संघाशी सामना व्हावा, ही त्याची मागणी मान्य झाली नाही.

बंदी उठली ती संघमालकांच्या औदार्यामुळे नव्हे. १९४६ मध्ये क्लीव्हलंड रॅम्स हा संघ लॉस अँजेल्सला स्थलांतरित झाला. तेथील कोलिझियम हे मैदान सार्वजनिक पैशातून बांधलेले असल्याने तेथे वर्णभेद पाळणारा संघ खेळू नये, असा आग्रह कृष्णवर्णीय पत्रकारांनी धरला. परिणामी रॅम्सने केनी वॉशिंग्टन व वुडी स्ट्रोड यांच्याशी करार केले. वॉशिंग्टन तोवर सत्तावीस वर्षांचा झाला होता आणि त्याच्या उमेदीची वर्षे बंदीच्या काळात गेली होती.

फुटबॉलबाहेर पोलर्डने अनेक उद्योग केले. १९२२ मध्ये शिकागोत त्याने रोख्यांच्या व्यवहाराची एक कंपनी काढली. कृष्णवर्णीयांच्या मालकीची अशा प्रकारची ती पहिली संस्था मानली जाते. महामंदीत ती बुडाली. १९३५ ते १९४२ या काळात त्याने हार्लेममध्ये ‘न्यूयॉर्क इंडिपेंडंट न्यूज’ हे वृत्तपत्र चालविले. कलावंतांना कामे मिळवून देणे, ‘सनटॅन स्टूडिओज’ ही संस्था, १९५६ मधील ‘रॉकिन द ब्लूज’ हा संगीतपट, करविषयक सल्लागाराचा व्यवसाय असे त्याचे विविध उपक्रम होते. त्याचा मुलगा फ्रिट्झ पोलर्ड (धाकटा) याने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ११० मी. अडथळ्यांच्या शर्यतीत कांस्यपदक पटकाविले.

महाविद्यालयीन फुटबॉलच्या सन्मानदालनात १९५४ मध्ये पोलर्डचा समावेश झाला व १९८१ मध्ये ब्राऊन विद्यापीठाने त्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली. मेरिलंड राज्यातील सिल्व्हर स्प्रिंग येथे तो निधन पावला. १९८९ मध्ये आर्ट शेल हा लॉस अँजेल्स रेडर्सचा मुख्य प्रशिक्षक झाला, तेव्हा संघटनेतील पहिला कृष्णवर्णीय प्रशिक्षक म्हणून त्याचे नाव सर्वत्र झळकले. पोलर्डला जाऊन तेव्हा तीनच वर्षे झाली होती, पण त्याची आठवण फार थोड्यांना झाली. पुढे शेलच्या उल्लेखात ‘आधुनिक काळातील’ असे विशेषण जोडण्याचा प्रघात पडला. प्रशिक्षक व व्यवस्थापक यांच्या नेमणुकांत समान संधी मिळावी यासाठी २००३ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने ‘फ्रिट्झ पोलर्ड अलायन्स’ हे नाव घेतले. कँटन येथील व्यावसायिक फुटबॉलचे सन्मानदालन १९६३ मध्ये सुरू झाले आणि थॉर्प व हॅलस यांना पहिल्याच तुकडीत स्थान मिळाले. पोलर्डची निवड होण्यास २००५ हे वर्ष उजाडावे लागले. या विलंबास वर्णभेदाबरोबर नोंदींची उणीवही कारणीभूत आहे. संघटनेने खेळाडूंची अधिकृत आकडेवारी ठेवण्यास १९३२ मध्ये प्रारंभ केला. त्यापूर्वीच्या सामन्यांत कोण किती यार्ड धावला याचा हिशेब कोठेच नाही, त्यामुळे पोलर्डच्या व्यावसायिक खेळाविषयी जे सांगता येते ते मुख्यतः ओहायओ, विस्कॉन्सिन व इंडियाना या राज्यांतील स्थानिक दैनिके, कृष्णवर्णीयांची साप्ताहिके आणि त्याने वृद्धपणी दिलेल्या मुलाखती यांच्याच आधारे.